नागपूरच्या इतवारीतल्या मोडीच्या (मोडक्या दागिन्या-नाण्यांच्या) डब्यात चांदीची जुनी, खराब नाणी मिळतात का? कशी ओळखायची?

मिळतात, मात्र चकाकी शोधू नका, वजन आणि साल बघा, कारण डब्यातली चांदी बहुधा काळी पडलेलीच असते. ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा, भिंग आणि छोटं चुंबक सोबत ठेवा. १८३५ ते १९३९ सालचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० ते ४५ च्या रुपयाचं वजन तेवढंच, पण चांदी ५० टक्केच. इथेच लोक सर्वाधिक फसतात. १९४६-४७ चा रुपया निकेलचा, चुंबकाला लगेच चिकटतो. चुंबकाला न चिकटणं हा मात्र चांदीचा पुरावा नाही, जर्मन सिल्व्हरही (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) सहसा चिकटत नाही. म्हणून नाणं दोऱ्याला बांधून काट्यावरच्या पाण्याच्या पेल्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू न देता. चांगल्या चांदीच्या रुपयाला आकडा सुमारे १.१३ ग्रॅम वाढतो, तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरच्या नकलेला १.३५ च्या आसपास. गोल, इवल्याशा दोन आण्या (१९१७ पर्यंतच्या, १.४६ ग्रॅम) डब्याच्या तळाशी जरूर चाळा, १९१८ पासूनच्या चौकोनी दोन आण्यांत चांदी नाही.

दागिन्यातून निघालेल्या नाण्याला कडी किंवा झाळलेला टाका असेल तर त्याचं वजन वजा धरून मोडीचाच भाव द्या. एक अपवाद: फारसी अक्षरांचं, भोसलेकालीन वाटणारं नाणं भोक पडलेलं असलं तरी वितळवू नका, घासू तर मुळीच नका, आधी जाणकाराला दाखवा.