"तू देवाशी बोलतेस का माझ्याशी?"

प्रश्न: ताई, सलाम. मी हडपसरला राहते, लग्नाला १७ वर्षं झाली. मिस्टर जन्मानं ख्रिस्ती आहेत पण फक्त नावाला, नाताळ आणि ईस्टर सोडला तर चर्चला येत नाहीत. कंपनीत सेकंड शिफ्ट असते, शनिवारी रात्री एकला घरी येतात आणि रविवारी सकाळी आठच्या उपासनेला उठवलं की चिडतात. मी फॅमिली ग्रुपवर रोज बायबलचं वचन टाकते, सकाळी स्पीकरवर गाणी लावते, जेवणाआधी प्रार्थना मीच करते. मागच्या आठवड्यात प्रार्थनेत म्हटलं, "प्रभू, या घरातली कठीण मनं मऊ कर", तर ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "तू देवाशी बोलतेस का माझ्याशी?" मुलगा दहावीला आहे, तो खाली मान घालून बसला होता. आता तोही संडेला कारणं सांगतो. मी काय चुकीचं करतीये? पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणतात प्रार्थना वाढवा. आणि एक, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मी चर्चला घरखर्चातून त्यांना न सांगता देते.

उत्तर: सलाम, ताई. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एका वाक्यापाशीच अडले. मिस्टरांनी चिडून विचारलं असेल, पण प्रश्न खरा विचारलाय. डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि बोलायचं मात्र समोर बसलेल्या माणसाला, हे आपल्या बायकांच्या प्रार्थनासभेत किती सहज होतं ते मला माहितीये, मीही केलंय. ऐकणाऱ्याला त्यात प्रभू दिसतच नाही, बोट दिसतं. आणि त्याला उत्तरही देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते ना! म्हणून ते उठले.

तर आज रात्रीपासून जेवणाची प्रार्थना दोन ओळींची करा, अन्नासाठी आभार, आमेन. मिस्टरांसाठी जे मागायचंय ते एकटीनं मागा, मोरीत कपडे धुताना मागा, पण त्यांना ऐकू जाईल असं नको. ग्रुपवरचं वचन थांबवलं तर प्रभू रागावणार नाही.

आणि एक अवघड गोष्ट. त्यांची माफी मागा, मुलासमोर. मुलासमोर झालंय म्हणून मुलासमोर. "त्या दिवशी प्रार्थनेच्या नावाखाली मी तुम्हाला बोलले, माझं चुकलं", एवढंच, आणि पुढे 'पण' लावू नका.

हे मी कुठून सांगतीये तर माझ्या घरातून. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर, रोज रात्री जेवणं झाली की चटई टाकायची, कंदील मध्ये, 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकातलं एक गाणं आणि मग वचन, चुकायचं नाही. एकदा पाच रुपये चोरलेस म्हणून त्यांनी माझ्या भावाला मारलं आणि पैसे संध्याकाळी त्यांच्याच कोटाच्या फाटक्या अस्तरात सापडले. त्या रात्री सगळे बसलो, आई गाणं सुरू करणार तर बाबा म्हणाले थांब, आणि उठून भावापुढे जाऊन बसले, त्याचा हात धरला, म्हणाले, "मी तुला खोटं ठरवलं. मला माफ कर." भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता, रडायलाच लागला. आज तो साठीला आलाय, त्या चटईवर ऐकलेली वचनं त्याला फारशी आठवत नाहीत पण बाबा समोर येऊन बसले ते आठवतं, आणि त्याच्या घरीही अजून रात्री प्रार्थना होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघा. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला, बायको लक्ष्मीबाई सोबत नव्हती आणि पुढे काही वर्षं दोघं वेगळीच राहिली. एवढा मोठा कवी, पण म्हणून बायको मागोमाग आली असं झालं नाही. एकत्र राहायला लागल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं, पाणी सगळं वेगळं होतं आणि टिळकांनी ते चालू दिलं. तापट माणूस, तरी चालू दिलं! पुढे राहुरीत असताना जात देवानं केली की माणसानं हा विचार लक्ष्मीबाईंनी मनात त्यांचा त्यांनीच केला आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. येशूचे भाऊसुद्धा आधी विश्वास ठेवत नव्हते, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि त्यातलाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला. मग आपल्याला एवढी घाई कशाला?

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, बायकोच्या वागण्यानं नवरा शब्दांवाचून मिळवला जावा, हे वचन तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते खरं आहे, पण काही ठिकाणी ते मारहाण सोसणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकतात तेव्हा माझा जीव जळतो. मार खात गप्प राहा असं पेत्र सांगत नाही. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असेल तर बाई, आधी माहेरी किंवा पोलिसांत सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की दशमांश घरखर्चातून न सांगता देता. ते सांगून टाका, चिडले तरी. लपवून दिलेल्या पैशानं साक्ष होत नाही, उलट उद्या कळलं तर चर्चवरच राग निघेल.

मुलाला "पप्पांसाठी प्रार्थना कर" म्हणू नका, तो दोघांच्या मध्ये सापडलाय. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलंय की लेकरांशी घरी बसताना, वाटेनं चालताना बोला, तर क्लासला सोडताना गाडीवर बोला ना, त्याला काय पटत नाही ते विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका.

राहिला रविवार. रात्री एकला आलेला माणूस सकाळी आठला कसा उठेल, ताई? थोडा अविश्वास असेल पण बरीचशी झोप आहे ती. जवळपास संध्याकाळची उपासना कुठे असते का बघा, आणि बघितली तरी एकदाच सांगा. या शनिवारी जागी असलात तर भाजी गरम करून द्या, शेजारी बसा, शिफ्ट कशी गेली विचारा. रविवारचा विषय काढू नका. आणि काय झालं ते मला लिहा, मुलाच्या परीक्षेचंही.