‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’

बातम्यांत कधी ‘संशयिताला ताब्यात घेतले’ तर कधी ‘अटक केली’ असे छापून येते. हे प्रयोग समानार्थी आहेत का, असे एका वाचकाने विचारले आहे.

ते समानार्थी नाहीत, आणि त्यांच्यातल्या फटीचाच गैरवापर होतो. ‘ताबा’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. ‘ताबेदार’ त्याच कुळातला. एरवी आपण तो घराच्या किंवा जमिनीच्या संदर्भात वापरतो. ‘अटक’ म्हटले की मात्र पोलिसांवर बंधने येतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली यात भर घातली: अटकेची तारीख आणि वेळ नोंदवणारा, साक्षीदाराची सही असलेला कागद तिथल्या तिथे करायचा, नातेवाइकांना कळवायचे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करायची.

समजा, कुर्ल्यातल्या एका तरुणाला पोलिसांनी संध्याकाळी घरातून नेले. मुंबईच्या बोलीत याला ‘उचलला’ म्हणतात, आणि नंतर ‘बसवून ठेवला’. आई पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर रात्रभर बसते. तिला ‘चौकशी चालू आहे’ एवढेच सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर अटकेची वेळ पडते आणि २४ तास तिथून मोजले जातात. मधली रात्र कुठल्याच नोंदीत नसते. मारहाण व्हायची ती बहुधा याच वेळात होते, कारण तेव्हा तो माणूस कागदोपत्री ठाण्यात नसतोच.

न्यायालयांनी ही पळवाट ओळखली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली, सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात, स्पष्ट केले की अधिकाऱ्याने नोंदवलेल्या वेळी नव्हे, तर व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन येते त्या क्षणी अटक सुरू होते. प्रत्येक अटकेत ताबा असतो, पण प्रत्येक ताबा म्हणजे अटक नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितलेला भेदही खरा आहे. आरोपी स्वतःहून न्यायालयात शरण येतो तेव्हा तो न्यायालयाच्या ताब्यात जातो, त्याला कोणी अटक केलेली नसते. पण ठाण्यातून ज्याला उठून जाता येत नाही त्याच्या बाबतीत या भेदाचा आडोसा घेणे मला अजिबात मान्य नाही.

नोटीस देऊन बोलावण्याची सोय कायद्यात आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही ती आहे. (‘स्थानबद्ध’ हा प्रतिबंधक कायद्यांखालचा निराळा प्रकार, तो इथे मिसळू नये.)

म्हणून लिहिताना, माणूस नोटिशीवर आला आणि परत जाऊ शकत असेल तर ‘चौकशीसाठी बोलावले’ म्हणावे. जाऊ शकत नसेल तर ‘ताब्यात घेण्यात आले’ या कर्ता लपवणाऱ्या प्रयोगावर थांबू नये. कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी, किती वाजता नेले आणि अटक किती वाजता दाखवली, या दोन्ही वेळा बातमीत शेजारी शेजारी द्याव्यात.