फोटोंतून उभ्या केलेल्या त्रिमितीत कळांनी फिरायचं कसं?

पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याचं तुमचं त्रिमिती दृश्य नीट फिरून पाहिलं. नुसत्या मोबाइलच्या फोटोंवर एवढं निघालं, याला दाद द्यायलाच हवी. तुमच्या तक्रारी तीन. बाण दाबला की दृश्य आधी अडखळतं आणि मग सुसाट सुटतं. मंडपात शिरलेला माणूस खांबांतून आरपार जातो आणि मग आपण कुठे आहोत तेच त्याला कळत नाही. आणि काही जणांकडे डब्ल्यू-ए-एस-डी या (गेममध्ये बाणांऐवजी वापरतात त्या) कळा मुळीच चालत नाहीत. शिवाय मूळ प्रश्न असा की, फिरायला मोकळं रान द्यावं की वाट ठरवून द्यावी?

मूळ प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की दुसरी तक्रार निम्मी संपते. वाट ठरवून द्या.

गेममधलं जग कुणीतरी सगळ्या बाजूंनी रचलेलं असतं, त्यामुळे तिथे कुठेही हुंदडलात तरी काहीतरी धड दिसतं. फोटोंतून उभं केलेलं दृश्य तसं नसतं. तुम्ही जिथे उभे राहून फोटो काढलेत, तिथून जे दिसलं तेवढंच त्यात खरं. खांबाची जी बाजू एकाही फोटोत आली नाही, ती एकतर रिकामी राहते किंवा संगणक तिथे काहीतरी लिबलिबीत भरून ठेवतो. 2023 मध्ये गॉसियन स्प्लॅटिंग (असंख्य धूसर रंगीत पुंजक्यांनी दृश्य उभं करण्याची पद्धत) आल्यापासून अशी दृश्यं देखणी झाली, यात वाद नाही. तुमचंही स्प्लॅटचंच आहे. पण ही अडचण जशीच्या तशी आहे. कॅमेऱ्याच्या वाटेवर असेपर्यंत दगडाचा खरखरीतपणा जाणवतो, आणि दोन पावलं बाजूला सरकलं की हवेत राखाडी पुंजके तरंगायला लागतात. तुमच्या मंडपात डाव्या हाताच्या खांबामागे नेमकं हेच होतंय.

ही गोष्ट जुनीच आहे. 2006 मध्ये नोआ स्नेव्हली, स्टीव्हन साइट्झ आणि रिचर्ड झेलिस्की यांनी ‘फोटो टुरिझम’ मांडलं. लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंतून एखाद्या स्थळाचं त्रिमिती रूप काढायचं आणि त्यात फिरायचं. त्यावरूनच पुढे मायक्रोसॉफ्टचं फोटोसिंथ आलं. ते 2008 मध्ये सगळ्यांना खुलं झालं आणि फेब्रुवारी 2017 मध्ये बंद पडलं. त्यात बघणाऱ्याचा मुख्य प्रवास एका फोटोवरून दुसऱ्या फोटोवर होता: डावीकडचा, उजवीकडचा, जवळचा, लांबचा. डावीकडचा फोटो कोणता, हे ठरवण्याची युक्ती मला आजही फार आवडते. आत्ताच्या फोटोतले ठिपके (म्हणजे संगणकाने दोन्ही फोटोंत ओळखलेल्या त्याच त्या खुणा) दुसऱ्या फोटोत उजवीकडे सरकलेले दिसले, तर तो फोटो डावीकडे बघणारा. तेच ठिपके जास्त पसरलेले दिसले, तर तो जवळून काढलेला. नकाशा लागत नाही, होकायंत्र लागत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे लांबून आणि जवळून फोटो काढून हे करून बघा. एक कळ दाबली की पूर्ण दरवाजा, दुसरी दाबली की हत्तींसाठी ठोकलेले खिळे थेट डोळ्यांसमोर. मोकळ्या संचारात तिथवर पोचताना दहा जणांतले आठ जण फळीतून पलीकडे जातील.

आता तुमच्याकडे हे कसं बसवायचं ते सांगतो. निवडक फोटोंच्या जागा हे आपले थांबे, आणि कळ दाबली की एका थांब्यावरून दुसऱ्यावर जायचं. फोटोंवरून कॅमेऱ्याच्या जागा काढणारं कोलमॅप तुम्ही वापरलंय, म्हणजे प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा कुठे होता ते तुमच्याकडे आहेच. फक्त कोलमॅपच्या फाइलमधले टीएक्स, टीवाय, टीझेड हे तीन आकडे म्हणजे कॅमेऱ्याची जागा असं समजू नका. कोलमॅप ‘जगाकडून कॅमेऱ्याकडे’ जाणारं रूपांतर लिहून ठेवतं. जागा हवी असेल तर फिरकीचा मॅट्रिक्स उलटवून त्याने त्या तीन आकड्यांना गुणायचं आणि चिन्ह बदलायचं. हे न करता थांबे मांडले तर ते भलतीकडेच विखुरलेले दिसतात आणि माणूस दिवसभर बाणांच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. दुसरं म्हणजे कोलमॅपच्या कॅमेऱ्यात वाय अक्ष खाली जातो आणि झेड समोर. थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमिती दाखवणाऱ्या लायब्ररीत) वाय वर आणि कॅमेरा बघतो उणे झेडकडे. पहिल्यांदा सगळं उलटं लटकलेलं दिसलं तर घाबरू नका, वाय आणि झेड दोन्हींची चिन्हं फिरवा.

तिसरी गोष्ट मापाची, आणि तुमच्या दृश्यात तीच राहिलीय. नुसत्या फोटोंतून निघालेल्या दृश्याला मीटर ठाऊक नसतो. त्यातलं एक एकक म्हणजे एक वीत की एक गल्ली, ते काहीही असू शकतं. म्हणून तुम्ही वेगासाठी टाकलेला आकडा कधी रांगतो, कधी उडतो. फोटोंतल्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका. उघड्यावरही मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं, कातळाखाली तर विचारूच नका. जाऊन दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजा, तेच अंतर दृश्यात मोजा आणि त्या प्रमाणात सगळं वाढवा किंवा घटवा. त्याच वेळी दृश्यातली जमीन सपाट करून घ्या. एकदा मीटर हाती आला की माणसाचं चालणं सेकंदाला सव्वा ते दीड मीटर, एवढं साधं गणित उरतं.

मग थांबे. सगळे फोटो थांबे म्हणून ठेवू नका. एकमेकांपासून साधारण मीटरभर अंतरावरचे निवडा. एवढ्या जागेला 30-40 थांबे भरपूर झाले. कुठे तुम्ही उकिडवे बसून फोटो काढलाय, कुठे हात उंच करून, त्यामुळे थांब्यांची उंची दीड मीटरच्या आसपास एकसारखी आणा, नाहीतर प्रत्येक पावलाला बघणारा उठाबशा काढतो. कोणता थांबा कोणाशी जोडायचा, हे नुसतं अंतर बघून ठरवू नका, कारण खांबाच्या अल्याडचा आणि पल्याडचा थांबा अंतराने अगदी जवळ असतो. दोन फोटोंत सामाईक ठिपके किती आहेत ते बघा. मध्ये खांब असेल तर सामाईक ठिपके मोजकेच निघतात आणि ती जोडणी आपोआप गळते. आरपार जाण्याचा तुमचा प्रश्न इथे मिटला, वेगळी टक्कर-तपासणी लिहायची गरजच नाही. (स्प्लॅटला पृष्ठभाग नसतो, त्यामुळे ती लिहायची म्हटली तर आधी वेगळी ढोबळ जाळी बनवावी लागते. तो उद्योग कशाला?)

कळांची वाटणी गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूसारखी ठेवा: वर-खाली बाण पुढे-मागे जायला, डावा-उजवा बाण जागच्या जागी वळायला. जुलै 2022 मध्ये ते भारतातल्या ज्या पहिल्या दहा शहरांत आलं त्यांत पुणंही होतं, तेव्हापासून इथल्या लोकांच्या बोटांना त्याची सवय आहे. ती मोडण्यात काय हशील? वरचा बाण दाबला की बघणाऱ्याचं तोंड जिकडे आहे त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना चाळीसेक अंशांत जो जोडलेला थांबा असेल, तिकडे जायचं. नसेल तर गप्प बसू नका. ‘इथून पुढे वाट नाही’ असं काहीतरी दिसू द्या, नाहीतर लोकांना वाटतं कळच बिघडली.

मागच्या बाणाकडे मात्र जास्त लक्ष द्या, माणसं हरवतात ती तिथेच. पुढे जाऊन लगेच मागे आलं की माणूस होता तिथेच, त्याच तोंडाने परत आला पाहिजे. प्रत्येक वेळी दिशेचं गणित नव्याने मांडलंत तर मागे जाताना तिसराच थांबा निवडला जातो, आणि असं दोनदा झालं की माणूस वैतागून सोडून देतो. म्हणून आलेल्या थांब्यांची यादी जवळ ठेवा आणि ‘मागे’ म्हणजे त्या यादीतला आधीचा थांबा. यादी संपली तरच दिशेचं गणित. आणि जोडण्या दुतर्फा ठेवा, पेठांतल्यासारखे एकेरी रस्ते इथे नकोत.

अडखळून सुटण्याचं कारण सोपं आहे. तुम्ही कीडाउन (कळ दाबल्याची सूचना) आला की कॅमेरा हलवताय. कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम पहिला कीडाउन लगेच देते, मग साधारण अर्धा सेकंद थांबते आणि मग भराभर देत सुटते. टायपिंगला हे बरोबर आहे, चालण्याला नाही. कोणती कळ दाबलेली आहे एवढंच कीडाउन आणि कीअप (कळ सोडल्याची सूचना) यांत नोंदवा आणि हालचाल प्रत्येक फ्रेमला करा. तीही मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणून, नाहीतर 60 हर्ट्झच्या पडद्यावर नीट वळणारा माणूस 144 हर्ट्झवर जवळजवळ अडीचपट वेगाने गरगरेल. थांब्यावरून थांब्यावर जाताना मात्र एका वेळी एकच पाऊल. ते चालू असताना आलेल्या दाबांपैकी फक्त शेवटचा लक्षात ठेवा, बाकीचे टाकून द्या. आणि खिडकीवरचं लक्ष उडालं की नोंदी पुसा. आल्ट-टॅब करून गेलेल्या माणसाच्या कळेचा कीअप तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि तो परत येतो तेव्हा दृश्य भोवऱ्यात सापडलेलं असतं.

डब्ल्यू-ए-एस-डी न चालणारे लोक कोण, याचा मला अंदाज आहे. त्यांना विचारा, की-बोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर होता का? इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा (ै), एच्या जागी काना-मात्रा (ो), एसच्या जागी एक मात्रा (े) आणि डीच्या जागी हलन्त (्) येतो. तुमचा कोड ‘इव्हेंट डॉट की’ तपासतो, म्हणजे कळेतून उमटलेलं अक्षर. त्याला डब्ल्यू कधी भेटतच नाही. ‘इव्हेंट डॉट कोड’ तपासा. ते कळेची की-बोर्डवरची जागा सांगतं आणि भाषा कोणतीही असो, ‘कीडब्ल्यू’च देतं. परदेशी नमुना कोडमध्ये हा प्रश्न सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचे निम्मे प्रेक्षक मराठीत टाइप करणारे, त्यामुळे तुम्हाला तो पहिल्याच आठवड्यात भेटला. तरीही मुख्य कळा बाणच ठेवा, अक्षरं जोडीला.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या दृष्टिहीनांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण वारसास्थळ लोकांसमोर मांडताय तर विचारायला हवं होतंत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या, ते नेहमीच्या वाचनात बाण स्वतःकडे ठेवतं, तुमच्यापर्यंत पोचूच देत नाही. कॅनव्हासला (पानावर दृश्य ज्यात दिसतं त्या चौकोनाला) टॅबने पोचता येईल असं करा, त्याला ‘अ‍ॅप्लिकेशन’ ही भूमिका द्या, म्हणजे तिथे आल्यावर बाण तुम्हाला मिळतील. आणि मिळाले म्हणून अडवून बसू नका: टॅब दाबला की माणूस बाहेर पडलाच पाहिजे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत ही अगदी पायाभूत अट आहे. बाणांनी पान सरकणं थांबवायचं ते फक्त कॅनव्हासवर लक्ष असतानाच. प्रत्येक थांब्याला एक-दोन वाक्यांचं वर्णन लिहा आणि थांबा बदलला की ते वाचलं जाईल असं ठेवा: ‘तुम्ही गोल नंदीमंडपाजवळ आहात. पुढे लेण्याचा खांबांचा मंडप.’ भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा, नाहीतर इंग्रजी आवाज त्या वर्णनाची वाट लावतो. 30-40 थांबे ठेवले की हे काम एका बैठकीत होतं, मोकळ्या संचारात ते शक्यच नव्हतं.

ज्यांना हलत्या दृश्याने गरगरतं त्यांनी आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवायचं निवडलेलं असतं आणि ब्राउझर ते तुम्हाला सांगतो. त्यांच्यासाठी सरकणं बंद, थेट पुढचा थांबा. बाकीच्यांना अर्धा सेकंद पुरतो.

हे झालं की घरातल्या कुणालातरी बसवा, माऊस काढून घ्या आणि सांगा, नंदीमंडपापासून गाभाऱ्यापर्यंत जाऊन परत ये. तुम्ही मागे उभे राहा आणि बोलू नका. मला वाटतं अडखळायची जागा एकच निघेल: बाहेरच्या उन्हातून लेण्याच्या अंधारात शिरतानाचा उंबरठा. तिथे तुमचे बाहेरचे फोटो लख्ख आहेत आणि आतले काळे, त्यामुळे दोन्हींत सामाईक ठिपके मिळतच नाहीत आणि वाट तुटते. त्यातून आतले खांब एकसारखे, संगणक एकाला दुसरा समजतो. ही तूट कोडने भरून निघणार नाही. ढगाळ दिवशी सकाळी पुन्हा जंगली महाराज रस्त्यावर जा, एक्स्पोजर मध्यावर पक्कं करा आणि बाहेरून आत असे पाऊलपाऊल सरकत फोटो काढा. प्रत्येक फोटोत मागच्याचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे, आणि अधूनमधून वळून बाहेरच्या दिशेनेही काढा. ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात त्याला वेगळी परवानगी लागते. अंधारात हात हलत असेल तर खांबाला खांदा टेकवून काढा.