तीन-चार वर्षांपूर्वीचं भाजीचं बियाणं पेरावं की टाकावं? आणि एकाच वाफ्यात वेगवेगळ्या भाज्या कशा बसवाव्यात?

टाकू नका, पण तपासल्याशिवाय वाफ्यातही पेरू नका. उगवण कळली की मगच वाफ्याची आखणी करा.

प्रत्येक वाणाच्या 20 बिया घ्या. टिपकागद ओला करून नीट पिळा. पाणी साचलं तर बी कुजतं. बिया घडीत ठेवून कागद पिशवीत घाला, वर नाव आणि तारीख लिहा आणि पिशवी 25 अंशांच्या आसपास उबदार जागी ठेवा. मुळा तीन-चार दिवसांत मोड काढतो. मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या. 20 पैकी 14 उगवल्या, तर 70 टक्के, नेहमीसारखं पेरा. निम्म्याच उगवल्या तर दुप्पट बी टाका. कांद्याचं बी मात्र एक-दोन वर्षांतच उतरतं, ते ताजंच घ्या. टोमॅटो, वांगी, काकडी यांचं बी कोरडं, थंड ठेवलं असेल तर चार-पाच वर्षंही टिकतं.

टक्क्यांबरोबर मोड कितव्या दिवशी आले तेही लिहा. बियाणं मरण्याआधी त्याचा जोम जातो. उगवतं, पण रेंगाळत, आणि मिश्र लागवडीत हेच नडतं. एका वर्षी मी जुना मका आणि ताजा घेवडा एकाच दिवशी पेरला. कागदावर मका 60 टक्के उगवला होता, म्हणून निर्धास्त होतो. वाफ्यात तो हळूहळू, बारीक वाढला; घेवड्याचे वेल त्याच्यावर चढले आणि ताटं आडवी झाली. आता मका वीतभर झाल्याशिवाय मी घेवडा टोकत नाही, आणि भोपळा त्यानंतर आठवड्याने लावतो.

म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी यांचं जुनं बी ट्रेमध्ये पेरा आणि जोमदार रोपंच वाफ्यात न्या. गाजराला ही सोय नाही, रोप हलवलं की मूळ फाटे फोडतं. त्याचं बी ताजं हवं. गाजराच्याच ओळीत थोडा मुळा टाका: तो आधी उगवून ओळ दाखवतो आणि गाजर पसरायच्या आत, महिनाभरात निघतो.

घेवडा शेजारच्या पिकाला लगेच नत्र देतो, असं सांगितलं जातं. वाढताना तो ते बहुतेक स्वतःच वापरतो. पुढच्या पिकाला त्याचा फायदा मुळं आणि पाला कुजल्यावर होतो. म्हणून शेंगा संपल्यावर वेल उपटू नका, बुडाशी कापा. झेंडूने सूत्रकृमी (मुळांवर जगणारे सूक्ष्म जंत) जातात, हेही तसंच अर्धवट खरं. कडेच्या दोन रोपांनी ते कमी होत नाहीत, त्यासाठी झेंडू वाफाभर दाट, दोन-तीन महिने ठेवावा लागतो.

चाचणीत मोड आलेल्या बिया फेकू नका. मूळ तुटू न देता, मोड खाली ठेवून, ओल्या मातीत हलकेच पुरा.