पंप घरघरतोय, बदलू का?

प्रश्न: माझ्या पीसीच्या कस्टम लूपमधला (म्हणजे पाणी फिरवून पीसी थंड ठेवणाऱ्या जोडणीतला) डी५ पंप हल्ली फार घरघरतो, रात्री तर नकोसं होतं. नवीनच घेऊ का?

उत्तर: अहो थांबा जरा, आधी हवा अडकलीय का बघा, टाकीत पाणी कमी असेल तर भरा आणि पंप चालू ठेवून केस हळूच इकडेतिकडे कलती करा, बुडबुडे वर आले की आवाज बराच उतरतो. पंपामागची वेगाची चकती ५ वर असेल तर ३ वर आणा, टेम्परेचरला फारसा फरक पडत नाही. तरी खरखर राहिलीच तर बहुतेक बेअरिंग गेलं. मग पाणी काढून नुसती मोटर बदला, टॉप (पंपाचं वरचं झाकण) तोच चालतो, ओ-रिंग (रबरी सील) मात्र नवी घाला, तिथे कंजूषी नको. आणि कोरडा अजिबात फिरवू नका, बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच असतं. पाणी परत भरल्यावर पहिल्यांदा बोर्ड-ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबली काढून फक्त पंपच चालवा, गळती कळावी म्हणून जोडांखाली टिश्यू ठेवून.