स्टेअरिंगला वीतभर प्ले, म्हणून नवीन ट्रक घ्यायचा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भोसरीत तुमची स्वतःची ११ टनी गाडी आहे, २०१३ चं मॉडेल, कर्ज फिटलेलं. मिस्टर स्वतः चालवतात, हिशोब तुम्ही ठेवता, माल बहुतेक भोसरी एमआयडीसीतून चाकण नाहीतर रांजणगाव. स्टेअरिंग इतकं लूज झालंय की वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं हलत नाहीत, या मोकळ्या फिरण्यालाच प्ले म्हणतात. एका मिस्त्रीने स्टेअरिंग बॉक्सचा (स्टेअरिंगची फिरत चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा) स्क्रू दोनदा टाइट करून दिला आणि आता तो म्हणतो पूर्ण स्टेअरिंग बॉक्सच बदला, ४८ हजार. दुसऱ्या गॅरेजने किंग पिन (ज्या पिनवर पुढचं चाक वळतं ती) आणि लिंकेजचं (बॉक्सपासून चाकांपर्यंतचे रॉड आणि सांधे) काम सांगितलं, अलाइनमेंट धरून २१ हजार. आणि दीर म्हणतात या गाडीत एक रुपयाही घालू नका, साडेतीन लाखाला विका, एफडीतले दीड लाख काढा, १७ लाख लोन करा आणि २२ लाखाची नवीन घ्या; जीएसटी कमी झालाय, डेप्रिसिएशनने (गाडीच्या घसाऱ्याच्या वजावटीने) टॅक्स वाचेल, आणि ही गाडी १५ वर्षांची झाली की भंगारातच द्यावी लागेल. एफडी चार लाखांची आहे आणि ती मुलीच्या इंजिनीअरिंग ॲडमिशनसाठी आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. गाडी आजपासून उभी करा, प्ले नक्की कुठे आहे ते आधी शोधा, ४८ हजार आत्ता देऊ नका, आणि लोन तर आत्ता अजिबात नको.

उभी करा म्हणतोय ते घाबरवायला नाही. मोटार वाहन नियमांत नियम ९८ आहे, त्यात स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको असं सरळ लिहिलंय. १८ इंची स्टेअरिंग धरलं तर काठावर ते साधारण १२ सेंटीमीटर होतं, आणि वीत म्हणजे त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त. म्हणजे गाडी नियमाच्या बाहेर आहे, फिटनेसला अडकेल, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले विचारणारच की दोष माहीत असून गाडी रस्त्यावर का आणली, कारण गाडी नीट ठेवणं ही पॉलिसीचीच अट असते. पण ताई पैशाचं सोडा, चाकण रोडला संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर किती दुचाक्या ट्रकला खेटून चालतात ते तुम्हाला माहितीये, आणि गाडीत तुमचा माणूस बसलेला असतो. चार दिवस खेपा गेल्या तर जाऊ द्या, कंपनीला दुसरी गाडी भाड्याने लावून द्या, थोडं नुकसान होईल पण गिऱ्हाईक टिकेल.

आता शोधायचं कसं. मी मिस्त्री नाही, पण ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशोब बघता बघता एक गोष्ट वारंवार दिसलीये, की स्टेअरिंग लूज म्हटलं की सगळ्यात महागडा पार्ट आधी बदलला जातो आणि दोष निघतो दुसरीकडे. त्यामुळे कोटेशनवर सही करायच्या आधी ही तपासणी मिस्टरांनी समोर उभं राहून करून घ्यावी, तासाभराचं काम आहे. गाडी सपाट जागी, पुढची चाकं सरळ, इंजिन चालू कारण पॉवर स्टेअरिंग आहे. एकाने केबिनमध्ये बसून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली हालचाल कुठे मरते ते बघायचं, हात मात्र लांब ठेवून. स्टेअरिंग हलतंय पण बॉक्समध्ये जाणारा रॉडच उशिरा हलतोय तर कॉलमचा क्रॉस (स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा) गेलाय, ते स्वस्तातलं काम. रॉड हलतोय पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) हलत नाही, मग बॉक्सवर संशय घ्या. ड्रॉप आर्म हलतोय आणि ड्रॅग लिंकचा (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा रॉड) एंड नुसताच उचलला जातोय तर ड्रॅग लिंक. उजवं चाक वळतंय आणि डावं मागून येतंय तर टाय रॉड एंड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या रॉडचा सांधा. आणि अख्खा बॉक्सच चासीवर सरकताना दिसला तर बोल्ट ढिले किंवा ब्रॅकेटला क्रॅक, तसं असेल तर नवीन बॉक्स बसवूनही प्ले तसाच राहणार आणि ४८ हजार पाण्यात.

त्यानंतर इंजिन बंद करून एक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावून, आणि चाकाखाली पहार घालून वरखाली हलवून बघा. चाक डुगडुगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली तर हब बेरिंग, नाही थांबली तर किंग पिन आणि बुश. तुम्ही लिहिलंय की पुढचे टायर आतल्या बाजूने खाल्ले जातायत, त्यामुळे माझा संशय किंग पिनवर जास्त आहे, पण संशयावर पैसे खर्च करायचे नाहीत, बघूनच करायचे. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट आणि शॅकलचे बुश पण बघून घ्या, एक्सलच मागेपुढे होत असेल तर स्टेअरिंगला किती काही केलं तरी गाडी ओढणारच.

स्क्रू दोनदा टाइट केला हे मला अजिबात आवडलेलं नाही. तो स्क्रू बॉक्सच्या आतल्या गिअरचा गॅप कमी करायला असतो, लिंकेजचा प्ले त्याने जात नाही, आणि जास्त आवळला की स्टेअरिंग मधोमध जड होतं आणि वळणावरून आपोआप परत येत नाही. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय, की हल्ली वळण घेतल्यावर हाताने परत आणावं लागतं. किंग पिन कोरडी पडली तरी असं होतं, पण स्क्रू आवळल्यानंतर सुरू झालंय म्हणून आधी ड्रॅग लिंक खोलून वेगळी करून ते सेटिंग नीट करून घ्या, नाहीतर चांगला असलेला बॉक्सही खराब होईल. आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. पार्ट बदलायच्या आधी केलेलं अलाइनमेंट वाया जातं, पार्ट बदलले की टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली असावीत ते) परत सेट करावंच लागतं. प्रत्येक नटाला नवीन स्प्लिट पिन घातलीये का ते मिस्टरांनी स्वतः बघावं.

समजा इतकं करून बॉक्सच खराब निघाला, तरी लगेच नवीन नको, बॉक्स खोलून सील किट आणि बेरिंग टाकून देणारे लोक असतात, निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत विचारा. अगदी वाईटात वाईट, दोन्ही कामं करावी लागली तरी ६९ हजार.

आता दिरांच्या सल्ल्याचा हिशोब करू. १७ लाख, पाच वर्षं, तुम्हाला सांगितलेला १०.५ टक्के रेट, हप्ता येतो साधारण ३६,५००. म्हणजे ते ६९ हजार दोन हप्त्यांपेक्षा कमी आहेत. पाच वर्षांत निव्वळ व्याज जवळजवळ ४ लाख ९० हजार. समोर वाचणार काय तेही प्रामाणिकपणे धरू. जुन्या गाडीचं रिपेअरिंग गेल्या वर्षी १ लाख २० हजार झालं, नवीनला सर्व्हिसिंग आणि ॲडब्लू (धुराचं प्रदूषण कमी करायला नवीन डिझेल गाडीत टाकतात ते द्रव) लागतंच, तरी महिन्याला ८ हजार वाचले धरा. ॲव्हरेज साडेपाचच्या जागी साडेसहा मिळालं तर महिन्याच्या २,८०० किलोमीटरला ७८ लिटर वाचतं, ९० रुपयाने ७ हजार. गाडी वर्षात वीसेक दिवस उभी राहिली असं तुम्ही लिहिलंय, दिवसाचे ३ हजार धरले तर महिन्याला ५ हजार. सगळं मिळून २० हजार. हप्ता ३६,५००. साडेसोळा हजार दर महिन्याला घरातून जाणार. आज सगळा खर्च जाऊन ४२ हजार हातात येतात ते २५ हजारांवर येणार. त्यात थर्ड पार्टी प्रीमियम गाडीच्या वजनावर असल्याने तो तेवढाच, पण नवीन गाडीला फुल इन्शुरन्स बँक सक्तीने लावणार, म्हणजे २५ च्याही खाली. आणि त्याच वर्षी मुलीचं कॉलेज सुरू होतंय.

दीर तुमच्या काळजीनेच सांगतायत, आणि जीएसटी २८ चा १८ झाला हेही खरं, पण तो २२ सप्टेंबर २०२५ पासून झालाय आणि तेवढ्यासाठी घाई करायचं कारण नाही. डेप्रिसिएशनने टॅक्स वाचेल हे मात्र तुमच्या बाबतीत चालत नाही. तुम्ही ४४एई खाली (ट्रकवाल्यांसाठी गाडीमागे ठरावीक उत्पन्न धरायचं कलम) रिटर्न भरता, तिथे डेप्रिसिएशन वेगळं वजा मिळत नाही, आणि तुमचं वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आसपास आहे, नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही. जो टॅक्स भरतच नाही तो वाचवणार काय? २०२८ ला १५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते हेही बरोबर नाही, इथे फिटनेस पास झाली तर चालते, फक्त फिटनेसची फी बरीच वाढते, ती आत्तापासून हिशोबात धरा. आणि विकायचीच ठरली तरी स्टेअरिंग दुरुस्त करूनच विका, घेणाऱ्याच्या घरीही कोणीतरी वाट बघत असतं.

पैसे कुठून आणायचे? करंट अकाउंटला ३५ हजार आहेत म्हणालात, त्यातून २१ हजारांचं काम होतंय. बॉक्सही निघाला तर एफडी मोडू नका, एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे उचला, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडतं आणि दोन-तीन महिन्यांत फेडून होईल. त्यानंतर महिन्याला १२ हजारांची आरडी सुरू करा, फक्त पुढच्या गाडीसाठी, दोन वर्षांत व्याज धरून तीन लाखांच्या वर जाते. मग लोन लहान होतं आणि एफडीला हात लागत नाही.

माझं मत बदलू शकेल अशी एकच गोष्ट तुमच्या पत्रात आहे. कंपनीचा सुपरवायझर म्हणाला की पुढच्या वर्षीपासून जुन्या गाड्या गेटवर घेणार नाहीत. हे खरं असेल तर वर लिहिलेला ४२ हजारांचा आकडाच राहणार नाही, म्हणून तोंडी ऐकून सोडू नका, कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटला मेल टाका आणि लेखी मागा, की किती वर्षांपर्यंतची गाडी चालेल, कॉन्ट्रॅक्ट किती मुदतीचं देणार आणि नवीन गाडीला खेपेचा रेट किती वाढवणार. माझ्या हिशोबाने रेट वाढून महिन्याला निदान साडेसोळा हजार जास्त मिळत असतील आणि दोन वर्षांचं लेखी कॉन्ट्रॅक्ट असेल तर नवीन गाडीचा विचार करता येईल. उत्तर आलं की पाठवा, हप्ता त्यावर बसवून परत बघू.