आतल्या सिनेमाचं बजेट आधी काढ

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिनेमाची संहिता वाचली. कल्पना झकास आहे. गावातली पाच पोरं वर्गणी काढून भुताचा सिनेमा करायला निघतात आणि रोज काहीतरी फिसकटतं. सुरुवातीला मनापासून हसलो. मग हसू हळूहळू आटत गेलं, आणि कारण सापडायला फार शोधावं लागलं नाही. तुझी पाचही पोरं बावळट आहेत. दिग्दर्शकाला काही कळत नाही, कॅमेरावाला लेन्सचं झाकण काढायला विसरतो, नायिकेला एक वाक्य पाठ होत नाही. आता बावळटाच्या हातून चूक झाली तर त्यात नवल ते काय? पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा कीव येते, तिसऱ्यांदा माणूस मोबाईल काढतो.

मी इतकी वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली, तिथली माणसं अशी नसतात गं. वाईला एका वाड्यात आमचं शूटिंग चालू होतं. सिंक साऊंड, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच टिपायचा. नायिकेचा रडण्याचा सीन आणि शेजारच्या मावशींच्या कुकरची शिट्टी, दोन्ही नेमके एकाच वेळी. मावशींना गप्प करायची सोय नव्हती, कारण आमच्या लाईटची वायर त्यांच्याच अंगणातून आलेली. आमच्या प्रॉडक्शनच्या पोराने काय करावं? मावशींचा कुकर उचलला, गल्लीच्या टोकाला आमचा जेवणवाला होता त्याच्या शेगडीवर नेऊन ठेवला, चार शिट्ट्या मोजून घेतल्या आणि वरणभात घरपोच केला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तिन्ही घरांतून कुकर आले. हा विनोद आहे, आणि त्यात एकही माणूस मूर्ख नाही. पोरगा हुशार आहे, मावशी व्यवहारी आहेत. पैसे असते तर तो सीन स्टुडिओत झाला असता आणि सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं.

‘वन कट ऑफ द डेड’ पाहिलास असं म्हणालीस, म्हणून शेवटासकट मोकळेपणाने लिहितो. शिनिचिरो उएदाचा हा जपानी सिनेमा २०१७ चा. टोकियोतल्या एका अभिनय-दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळेतून निघालेला, खर्च साधारण ३० लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले सतरा-अठरा लाख. नट सगळे अनोळखी. २०१८ च्या जूनमध्ये टोकियोतल्या दोन छोट्या थिएटरांत लागला आणि बघता बघता देशभर पसरून त्याने ३०० कोटी येनच्या वर धंदा केला. हे आकडे डोक्यातून काढून टाक, असं काही आपल्या नशिबी असेलच असं नाही. मांडणी मात्र नीट बघ.

पहिली ३७ मिनिटं एकच शॉट. बंद पडलेल्या जलशुद्धीकरण केंद्रात झोंबींचा सिनेमा चाललाय आणि त्यात खरे झोंबी घुसतात. पण सगळं कसंतरीच. पात्रं मध्येच गप्प होतात, उगाच एकमेकांना छंद विचारत बसतात. आवाजवाला अचानक दार उघडून बाहेर पळतो. कॅमेरा बराच वेळ जमिनीवर आडवा पडून राहतो. आपण म्हणतो, काय टुकार सिनेमा आहे हा! मग गोष्ट एक महिना मागे जाते. कळतं, की एका चॅनेलला हा प्रकार थेट प्रक्षेपणात आणि एकाच शॉटमध्ये हवाय, आणि दिग्दर्शक असा निवडलाय ज्याचं ब्रीदच झटपट, स्वस्त आणि ठीकठाक काम. त्यानंतर तीच ३७ मिनिटं आपण कॅमेऱ्यामागून बघतो. आवाजवाल्याला क्षारांचं जड पाणी सोसत नाही, पोट बिघडतं, हे त्याने आधीच कळवून ठेवलेलं. पाणी चुकीचं प्यायला, म्हणून तो पळाला. छंदाच्या गप्पा वेळ काढायला होत्या. मघाशी जे टुकार वाटलं त्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जिवाच्या आकांताने प्रसंग सावरत होतं.

शेवटचा शॉट वरून घ्यायचा असतो आणि क्रेन मोडते. निर्मात्याच्या मते शॉट सोडून द्यावा, नाहीतरी बघणाऱ्यांना काय कळणार? आयुष्यभर ‘ठीकठाक’वर भागवलेला दिग्दर्शक इथे मात्र अडून बसतो. मग नट, सहायक, जो हाताला लागेल तो वाकतो, माणसांचा मनोरा होतो आणि सगळ्यात वर त्याची मुलगी कॅमेरा धरून. आपल्याकडे दहीहंडीचे थर बघत वाढलेल्यांना त्या हलणाऱ्या पाठींचं मोल वेगळं सांगायला नको. पण त्या मनोऱ्यावर लोक हसतात आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते कशाने? क्रेन ठरली होती, ती मोडली आणि तो शॉट त्याला हवाच होता, हे सगळं प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं म्हणून. ठरलं काय होतं हेच माहीत नसेल तर फसलं म्हणजे काय झालं, हे तरी कसं कळणार?

म्हणून माझं पहिलं मागणं हे, की संवाद बाजूला ठेव आणि तुझ्या पोरांच्या सिनेमाचं बजेट काढ. खरंखुरं, रुपयांत. वर्गणी किती जमली, कॅमेरा कुणाचा, भाडं दिवसाचं की शिफ्टचं, रात्रीच्या सीनला जनरेटर कुठून आणणार, डिझेल कोण भरणार, पोहे कुणाच्या घरून येणार. तुझ्या संहितेत पंधराव्या सीनला त्यांच्याकडे धुराचं मशीन आहे आणि सतराव्या सीनला चहाला पैसे नाहीत. मशीन कुणी दिलं? त्यापेक्षा मशीन नाहीच, आणि भुताच्या सीनसाठी एकाच्या आजीने धुपाटणं पेटवून दिलं असं कर. मग खोकला येऊन भूतच हैराण होईल. हे मला सुचलं ते फक्त मशीन काढून टाकल्यामुळे.

दुसरं दादासाहेब फाळक्यांबद्दल. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) परत बघ, पण या वेळी फाळक्यांना अडवणाऱ्या माणसांकडे बघ. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये १९१३ च्या मे महिन्यात लागला. त्याच्या आधीची यातायात म्हणजे तयार विनोदच आहे. तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. बायकांच्या भूमिकेतले पुरुष मिशी काढायला तयार नाहीत, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. या नटांना तू वेडं म्हणशील का? त्यांचं त्यांच्या जागी बरोबर, फाळक्यांचं फाळक्यांच्या जागी. तुझ्या संहितेतला सरपंच मात्र केवळ कथेला हवा म्हणून शूटिंग अडवतो. त्याला काहीतरी खरं कारण दे. पोरं जिथे शूटिंग करतात त्याच विहिरीपाशी त्याच्या मुलीची सोयरीक ठरायची असेल, आणि पाहुण्यांच्या कानावर भुताची आवई गेलेली नको असेल.

गावच्या पोरांना हसायचं की पोरांबरोबर, ही भीती तू पत्रात लिहिली आहेस. रास्त आहे. त्यासाठी फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट बघ. यंत्रमागांच्या गावात कॅमेऱ्यासाठी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमा काढणारी माणसं. खो खो हसशील, पण एकदाही त्यांच्यापेक्षा शहाणी आहेस असं तुला वाटणार नाही.

अजून एक, जरा रोखठोक. आतला सिनेमा फसलेला असला तरी बाहेरचा फसून चालणार नाही. ‘बजेटच कमी होतं’ ही सबब तुझ्या पात्रांनी सांगायची, तू नाही. विशेषतः आवाज. चित्र डळमळलं तर लोक सांभाळून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातात. आणि पैसा वाढला की सिनेमा सुधारतो असंही समजू नकोस. त्याच जपानी सिनेमाचा फ्रेंच अवतार २०२२ मध्ये कान महोत्सवाचा उद्घाटनाचा सिनेमा होता, करणारा दिग्दर्शक ऑस्करविजेता. बरा आहे. पण त्यातली गरिबी मला बाजारातून आणल्यासारखी वाटली.

लेन्सच्या झाकणाचा विनोद काढ. शेवटचं दोन पानी भाषण, सिनेमा म्हणजे स्वप्न वगैरे, तेही काढ. नायिकेच्या आईचा एकच सीन आहे, तो वाढव. ती बाई पोरांना शिव्या देत देत डबे पाठवते, सगळ्या संहितेत तीच सगळ्यात जिवंत आहे.

दिवाळीनंतर मी पुण्यात आहे. नवा खर्डा आणि बजेटचा कागद, दोन्ही घेऊन ये. कागद आधी बघेन.